बाईंच्या जीपचा धूर

बाई उजवीकडे वळताना उजवा हात अख्खा बाहेर काढत, डावीकडे वळताना तोच हात हवेत गोल फिरवत आणि थांबायचं झालं की पंजा वरखाली हलवत. जीपला सिग्नलचे दिवे होते आणि ते चालूही होते. ते त्या लावतच, शिवाय हात काढत. "दिवा गाडीचा, हात माझा. दोघांनी सांगितलेलं बरं," असं त्यांचं म्हणणं. पोवई नाक्यावरची मोटारसायकलवाली पोरं त्या हाताने गोंधळत. त्यांना वाटे, म्हातारी कुणाला तरी बोलावतेय. एकदा एकजण खरंच जवळ येऊन "काय पायजे आजी?" म्हणाला, तर बाईंनी त्याला तिथल्या तिथे हाताच्या सगळ्या खुणा शिकवल्या. मागे एसटी खोळंबली होती. तिच्या ड्रायव्हरनेही शिकून घेतल्या.

बाईंचं नाव मी सांगणार नाही. साताऱ्यात मुलींच्या एका शाळेत त्या पीटी शिकवत आणि एनसीसी बघत, एवढं पुरे. सगळी शाळा त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. बाकीच्या आम्ही सगळ्या जणी म्हणजे मराठीच्या बाई, गणिताच्या बाई, शिवणाच्या बाई. आडनाव नाही, विषय नाही, अशा बाई एकच.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा विशी ओलांडून फार दिवस झाले नव्हते आणि मी कवयित्री होते. म्हणजे मी वहीत कविता लिहीत असे आणि ती वही कुणाच्या तरी हाती लागेल अशा जागी विसरत असे. स्टाफरूमच्या टेबलावर, वाचनालयाच्या खिडकीत, एकदा तर पाण्याच्या माठावर. कुणी उघडली नाही. शेवटी बाईंनी उघडली, दोन पानं वाचली आणि जीपच्या तेलाचा डबा टेबलाला लागू नये म्हणून त्याच्याखाली सरकवली. तेव्हापासून त्या मला कवयित्री म्हणू लागल्या. मला वाटलं, कौतुकाने म्हणतात. असं वाटण्यात माझी चांगली दोन वर्षं गेली.

जीप त्यांनी लष्कराच्या लिलावात घेतली होती. पेट्रोलवरची, वर कापडी टप, बाजूला दारं नाहीत. पीटीच्या बाईने जीप घ्यावी याचा साताऱ्याला त्या काळी जरा धक्काच बसला होता. बाईंनी साडी खोचली, पायात पुरुषी बूट घातले आणि धक्का बसलेल्यांच्या दारावरून रोज दोनदा जीप नेली. वाटेत कुणीही हात केला तर त्याला घेत, पण फुकट नाही. बसणाऱ्याने एकोणिसाचा पाढा म्हणायचा. भाजीवाल्या बायका धडाधड म्हणत. एका पुढाऱ्याला त्यांनी मधल्या चढावर उतरवून दिलं होतं, पुढचं येईना म्हणून.

मी सुरुवातीला जीपमध्ये बसत नसे. सभ्य मुलीने उघड्या गाडीत बसू नये असं माझं मत होतं. हे मत सांगलीचं स्थळ येईपर्यंत टिकलं. आमचं घर सांगलीत, बघण्याचा कार्यक्रम तिथे, आणि मी साताऱ्यात. निघायच्या सकाळी आरशासमोर इतका वेळ उभी राहिले की एसटी निघून गेली. बाई म्हणाल्या, "बस." कराडच्या पुढे अंबाडा सुटला, पेठ नाक्याला रेडिएटर उकळला, तिथे मी पदराने झाकण धरलं, आणि घरी पोचले तेव्हा गालावर काळा पट्टा आणि केसांचा झाडू झालेला. मंडळी येऊन बसलेली. मी वाटेत एक वाक्य पाठ केलं होतं, आल्या आल्या सहज म्हणायचं. ते म्हणायला तोंड उघडलं, तोवर मुलगा उठून माझ्या शेजारून बाहेर गेला आणि बाईंना विचारू लागला की जीपच्या पुढच्या चाकांचा गिअर वेगळा टाकावा लागतो का.

लग्न ठरलं. मी मैत्रिणींना सांगत सुटले की त्यांना माझे डोळे आवडले. पुढे आमचा लांबलचक आणि बरा संसार झाला. त्यात डोळ्यांचा विषय चष्म्याचा नंबर वाढला तेव्हाच निघाला. जीपची चौकशी मात्र दर दिवाळीला होई.

बाईंना खोट्या कागदाची चीड होती. खोटं बोलण्याचं त्यांना तितकंसं काही नव्हतं. मुख्याध्यापिकांच्या साडीला त्या तोंडावर छान म्हणत आणि पाठ वळली की आमच्याकडे बघत. पण खोटं लिहिलेलं चालत नसे. स्वतःला उशीर झाला तर मस्टरवर आपल्या नावापुढे लाल शाईने 'उशिरा' लिहीत. मी एकदा नाटकाला म्हणून पुण्याला गेले आणि येताना पोटदुखीचं डॉक्टरी सर्टिफिकेट आणलं. बाईंनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं. "पोट कुठल्या अंकात दुखलं?" एवढंच विचारलं. मी पहिल्या अंकात म्हणाले. इतकी मी हुशार होते.

जीप बघायची मिस्त्रीने. गुरुवार पेठेतला हा मिस्त्री जीप आली तेव्हा दुसऱ्याच्या गॅरेजात पाने पुसत होता. नंतर त्याने स्वतःचं गॅरेज काढलं, मुलगे हाताशी आले, तो हज करून आला, दाढी पांढरी झाली. बाईंना तो मिस्त्रीच राहिला आणि त्यालाही त्या बाईच. हा माणूस कमी बोलणाऱ्यांतला नव्हता. बोलायला लागला की इंजिन गार पडे. सातारा जिल्ह्यातली कुठलीही गाडी आपण नुसत्या आवाजावरून ओळखतो, असं तो सांगायचा. एकदा रस्त्यावरचा आवाज ऐकून त्याने ट्रॅक्टर सांगितला, तर पिठाच्या गिरणीचा पट्टा घसरला होता. त्यानेही त्याचा आत्मविश्वास कमी झाला नाही.

तर हे मिस्त्री आणि बाई एवढ्या वर्षांनी भांडले ते धुराच्या कागदावरून. तेव्हा बाईंनी ऐंशी ओलांडलेली. पावसाळ्यात जीपची पीयूसी संपत आली होती. या वयात म्हातारीने पावसात घाट उतरू नये म्हणून मिस्त्रीने ओळखीच्या माणसाकडून जीप न नेताच, मोबाइलमधल्या जुन्या फोटोवर प्रमाणपत्र करवलं आणि घरपोच आणून दिलं. चांगल्या मनाने. बाईंनी त्याचे चार तुकडे करून त्याच्या हातात ठेवले. "ह्या फाटकातून पुन्हा आत यायचं नाही," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी धो धो पावसात जीप घेऊन गेल्या आणि खरं प्रमाणपत्र आणलं. दसऱ्याला मिस्त्री आला नाही. बाईंनी वाटही बघितली नाही, असं त्यांनी मला आपण होऊन दोनदा सांगितलं.

मार्गशीर्षात मला सांगलीला फोन आला.

"कवयित्री, जीप नापास झाली."

"कशात?"

"धुरात. ये तू. मला जवळ कुणीतरी काही न कळणारं माणूस हवंय."

मी गेले. सून म्हणाली, आई, तुमचे गुडघे. गुडघेही नेले.

प्रकरण साधं नव्हतं. जुन्या गाडीला ठरावीक वर्षांनी पुन्हा पासिंग करून घ्यावं लागतं, आणि धुराचं प्रमाणपत्र नसेल तर पासिंग नाही. पासिंगची मुदत महिनाअखेर संपत होती, आणि पावसाळ्यातलं सहा महिन्यांचं प्रमाणपत्रही. बाईंचं घर यवतेश्वरच्या घाटात, मोठ्या रस्त्यापासून आत, चढावर. रिक्षावाले तिथे येत नाहीत. बाईंचं कंबरेचं हाड एकदा मोडून जोडलेलं, चालत चढणं बंद. म्हणजे जीप नाही तर दूध नाही, औषध नाही, भाजी नाही. पुण्याचा भाचा कधीपासून मागे लागला होता की मावशी, माझ्याकडे चल. मुलगा चांगला आहे. त्याच्याकडे लिफ्ट आहे, खाली डॉक्टर आहे, बायको वाईट नाही. बाई कंटाळून त्याला एकदा म्हणून गेल्या होत्या, "जीप पास होईपर्यंत मी इथे. ज्या वेळी नापास होईल त्या वेळी येते. शब्द." जीप कधी नापास झालेली नव्हती. म्हणून बोलल्या असणार.

आता भाचा रोज संध्याकाळी फोन करून विचारी, "मावशी, धूर काय म्हणतोय?"

मला विचाराल तर मला पुणं पटत होतं. पण मला कुणी विचारलं नाही.

पहिल्याच दिवशी बाईंनी मला धुराच्या गाडीवर नेलं. पेट्रोल पंपाशेजारी एक जुनी व्हॅन उभी असते, आत मशीन, बाहेर स्टुलावर पोट सुटलेला एक गृहस्थ. त्याने बाईंना बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आजी, परत आला व्हय."

"नळी घाल."

त्याने नळी जीपच्या सायलेन्सरमध्ये घातली. जीप उभ्या उभ्या थरथरत होती आणि मागून काळपट, डोळ्यांत चुरचुरणारा धूर सोडत होती. मशीनवरचा आकडा चढत जाऊन हद्दीच्या दुपटीवर थांबला. गृहस्थांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"आजी, येक काम करू. नळी जरा तोंडापाशी धरतो, आत न्हाई घालत. वरची हवा बी जाती थोडी. लगीच पास हुती. समदेच करत्यात."

"नळी आत घाल," बाई म्हणाल्या.

"आत घातली की नापास हाय."

"मग नापास लिही."

मी बाईंच्या कानाशी लागले. म्हटलं, धरू दे की बाहेर, कोण बघतंय.

"मी बघतेय," बाई म्हणाल्या. हे त्यांनी इतक्या शांतपणे म्हटलं की मला पुन्हा पहिल्या अंकात पोट दुखायला लागलं.

मग दुरुस्ती सुरू झाली. बाईंचं एक वचन होतं: "गाडी आणि माणूस सकाळी खोकलं तर चालतं. दुपारी खोकलं तर बघायला हवं." जीप आता दिवसभर खोकत होती. बाईंनी प्लग काढले. त्यांच्यावर काजळ धरलेलं. पेट्रोल जास्त जातंय आणि पुरतं जळत नाही, त्याचं हे काजळ, असं त्यांनी मला समजावलं. मी मान हलवली. काही न कळणाऱ्या माणसाचं काम मी चोख करत होते. त्यांनी प्लग घासले, चोक अडकलाय का बघितला, कार्बोरेटर उघडून वर्तमानपत्रावर मांडला आणि परत जोडला. एक बारीकसा स्क्रू उरला. तो त्यांनी दुसऱ्यांदा उघडून त्याच्या जागी बसवला. मी भीत भीत त्या काळ्या गोल डब्याकडे बोट दाखवून विचारलं, "आणि हे हो?"

"तो एअर क्लीनर. इंजिन त्यातून श्वास घेतं. खाली वाटी असते, वाटीत तेल, हवेतली धूळ तेलाला चिकटते. तिकडे बघायला नको. खंडेनवमीला मी स्वतः काठोकाठ भरलाय. वर्षभर उघडावा लागत नाही."

खंडेनवमीचं त्यांचं एक व्रतच होतं. घरात त्या दिवशी कुठलंही भांडं अर्धं ठेवायचं नाही, हे त्यांच्या आईचं. मिठाची बरणी, तांदळाचा डबा, समईतलं तेल, सगळं गळ्यापर्यंत. बाईंनी त्यात जीप घातली. रेडिएटर भरायचा, बॅटरीचं पाणी भरायचं, जिथे रेघ असेल तिथे रेघेपर्यंत, नसेल तिथे काठापर्यंत, आणि सगळ्या झाकणांना हळदीकुंकू.

मग छाती मोकळी होईल म्हणून जीप वाढे फाट्यापर्यंत पळवून आणली. टप फडफडत होता, बाईंचा हात बाहेर होता, मी कानाला स्कार्फ बांधून मागे धुराचा पडदा बघत होते. तिथून थेट व्हॅनपाशी. नळी आत. आकडा थोडा उतरला आणि हद्दीच्या पुष्कळ वर थांबला. शहरातल्या एका नव्या गॅरेजवाल्याने लांबूनच सांगितलं, "मॅडम, ही आता भंगारातच." बाईंनी त्याला नमस्कार केला आणि पहिला गिअर टाकला.

त्या रात्री त्यांनी बॅग भरली. मला ते सकाळी दिसलं. दाराशी जुनी, एनसीसीच्या काळातली खाकी किटबॅग, कुलूप लावून. आणि त्यांनी सकाळपासून कुठलीच वस्तू दुरुस्त करायला घेतली नाही. नुसत्या पायरीवर बसून घाटाकडे बघत होत्या. मी त्यांना तसं रिकाम्या हाताने बसलेलं कधी बघितलं नव्हतं. मला ते आवडलं नाही. पुण्याबद्दलचं माझं मत तिथे पायरीवरच फिरलं.

मी सांगितलं, मोठ्या रस्त्यापर्यंत उतरून दुधाच्या गाडीतून खाली जाते, मला गुडघ्याचं मलम हवंय. गेले ते गुरुवार पेठेत.

मिस्त्री गॅरेजसमोर खुर्ची टाकून मुलांना शिव्या देत होता. मला बघून उठला.

"ताई, सांगलीस्नं कवा आला?"

"जीप भंगारात चाललीय, मिस्त्री. म्हटलं तुम्हाला शेवटचं बघायचं असेल."

हे खोटंच होतं, पण लिहिलेलं नव्हतं.

मिस्त्री गपकन खाली बसला. मग उठला. "कुणी सांगितलं भंगार? कुणा गाढवानं?" मग पुन्हा बसला. "मला फाटक बंद हाय, ताई."

"मग फाटकाबाहेर उभे राहा. रस्ता काय बाईंचा नाही."

तो तसा आला. मला मोटारसायकलवर मागे बसवून घाट चढला, फाटकाबाहेर गाडी उभी केली आणि आत पाऊल टाकलं नाही. बाई पायरीवरून उठून जीपपाशी आल्या. मध्ये अंगण. दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत होतं. तरी बोलणं माझ्यामार्फत चाललं.

"ताई, ईचारा त्यास्नी, प्लग कसं निघालं."

"सांग त्याला, काळे. काजळ धरलेले."

"चोक?"

"मोकळा आहे. मी बघितलाय."

"कार्बोरेटर कुणी उघडला?"

"सांग त्याला, नसत्या चौकशा नकोत."

"बाईंनीच उघडला," मी म्हटलं.

मिस्त्रीने आभाळाकडे बघितलं. "बरं. झालं ते झालं. ताई, त्यास्नी म्हणावं, खंडेनवमीला एअर क्लीनर भरला का?"

"सांग त्याला, दरवर्षी भरते."

"किती?"

"काठोकाठ."

मिस्त्री काही बोलला नाही. ही गोष्ट नोंद करण्यासारखी. तो मोटारसायकलच्या सीटवर एका अंगाने टेकला आणि दाढी खाजवू लागला.

"मग ह्या साली त्यातनं कुणी काढलंच न्हाई," तो शेवटी स्वतःशीच म्हणाला.

"काय काढायचं?" बाई. थेट त्याला.

"तेल, बाई. आत रेघ हाय वाटीला. मळाखाली दिसत न्हाई. तेल रेघंपतूर लागतंय, काठापतूर न्हाई. काठापतूर भरलं की हवा जायला जागाच न्हाई. नाकावर उशी दाबून पळ म्हटल्यावानी हुतंय जीपचं. मग धूर सोडंल न्हाई तर काय."

"आणि आजवर?"

"आजवर मी काढत व्हतो." त्याने मान खाली घातली, पण आवाज नाही. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सोनं घ्यायला येतो नव्हं मी. तुमी च्या ठिवायला आत जाता. तेवढ्यात वाटी उतरवायची, निम्मं तेल डब्यात वतायचं, वाटी परत लावायची. ह्या साली आलो न्हाई."

बाईंनी जीपच्या बॉनेटवर हात ठेवला. "कधीपासून?"

"जीप आली तवापास्नं."

"मला सांगायला तोंड नव्हतं?"

"पयल्या साली सांगणारच व्हतो. तर तुमी वाटीला हळदीकुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल. म्हटलं सणाचं भरलंय. आपण मुसलमान माणूस, बाईंच्या पूजंत कशाला तोंड घाला. सण झाल्यावर काढू गपचूप. मग दर सालचं तसंच पडत गेलं."

"म्हणजे एवढी वर्षं प्रमाणपत्रं माझी नव्हती. तुझी होती."

"आता हे काय बोलणं झालं? जीप तुमची, धूर तुमचा. नळी बी आत व्हती. तेल खरंच कमी केलेलं, धूर खराच कमी झालेला. ह्यात लबाडी कुठं आली ते सांगा की."

बाई आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं, मी मिस्त्रीकडे. मला वाटलं, संपलं. आता किटबॅग घेऊन बाहेर येतील.

त्या बाहेर आल्या तेव्हा हातात रिकामा डबा होता, पाना होता आणि नाकावर वाचायचा चष्मा.

"डावीकडं फिरवा," फाटकाबाहेरून आवाज आला.

"माहीत आहे."

"सावकाश. सांडल."

"माहीत आहे मला."

सांडलं. वाटीतलं तेल नव्हतंच ते, काळा चिखल होता. बाईंनी तो डब्यात ओतला, वाटी रॉकेलने घासली, फडक्याने पुसली आणि उन्हात धरली. बऱ्याच वेळाने त्यांच्या बोटाला आतल्या बाजूला काहीतरी लागलं. त्यांनी मला बोलावून माझं बोट त्यावरून फिरवलं. बारीक, उठावदार रेघ होती. काठापासून पुष्कळ खाली.

"आहे," बाई म्हणाल्या. त्याने ऐकावं एवढ्या मोठ्याने.

नवं तेल रेघेपर्यंत घातलं. जीपने पहिला निळा धूर सोडला, दुसरा जरा विरळ सोडला, आणि मग तिचा आवाज बदलला. तो मलाही कळला. मिस्त्री फाटकाबाहेर डोळे मिटून ऐकत होता.

किटबॅग बाईंनी जीपमध्ये मागे टाकली. मी म्हटलं, ती कशाला. म्हणाल्या, "नापास झाली तर तिथूनच स्टँड जवळ आहे." घाट उतरलो. मिस्त्री मागे मोटारसायकलवर, अंतर राखून. व्हॅनवाल्याने आम्हाला बघून स्टूल सोडलं आणि नळी उचलली. बाईंनी ती त्याच्या हातातून घेऊन स्वतः आत घातली. पार आत, कोपऱ्यापर्यंत. मग रेस धरायला जीपमध्ये जाऊन बसल्या आणि मशीनकडे बघितलं नाही. आम्ही बघत होतो. मी, मिस्त्री, आणि पेट्रोल भरायला आलेला एक दूधवाला, ज्याचा काही संबंध नव्हता. आकडा चढला, चढला, रेंगाळला आणि हद्दीच्या खाली थांबला.

"आजी, पास," व्हॅनवाला म्हणाला.

"लिही," बाई म्हणाल्या.

भाच्याला त्यांनी तिथूनच फोन लावला. स्पीकर चालू करून बोलायची त्यांची सवय, त्यामुळे पंपावरच्या सगळ्यांनी ऐकलं.

"पास झाली रे."

"बरं झालं, मावशी," भाचा म्हणाला. मग म्हणाला, "खोली रंगवून घेतली होती मी."

"कुठला रंग?"

"तुझ्या जीपचा. हिरवा."

"पोरांना दे ती खोली," बाई म्हणाल्या आणि फोन बंद करून बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मिस्त्री मोटारसायकल वळवून गुरुवार पेठेकडे गेला. फाटकाचं काय, तो विषय कुणीच काढला नाही.

पुढच्या दसऱ्याला मी मुद्दाम साताऱ्याला गेले. खंडेनवमीला बाईंनी मिठाची बरणी भरली, तांदळाचा डबा भरला, समई भरली. मग जीपपाशी गेल्या. एअर क्लीनरची वाटी उतरवली, स्वच्छ पुसली. रेघ आता लख्ख दिसत होती. बाईंनी तिच्यावर तेल ओतायला सुरुवात केली आणि रेघ बुडाली तरी थांबल्या नाहीत.

"बाई, रेघ," मी म्हटलं.

"दिसते मला."

"मग?"

"सणाला भांडं अर्धं ठेवू?"

वाटी काठोकाठ भरली, बसवली, हळदीकुंकू लावलं, झेंडू ठेवला. दसरा झाला. दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर बाईंनी अंगणात जाऊन फाटक सताड उघडलं, त्याला दगड लावला आणि मला म्हणाल्या, "मी जरा पडते." बाई दिवसा पडलेल्या मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या, ताप असतानासुद्धा. त्या आत गेल्या आणि खिडकीशी पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजल्या.

मी ओट्यावर बसून राहिले. मोटारसायकल चढावर ऐकू आली, फाटकाशी थांबली. मिस्त्रीने उघड्या फाटकाकडे बघितलं, दगडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी शेंगा सोलत होते. तो आत आला. डबा त्याने बरोबर आणला होता. वाटी उतरवली, तेल काढलं, वाटी लावली, हात पुसले, आणि एवढ्या वेळात एक शब्द बोलला नाही. त्याला किती जड गेलं असेल ते मी समजू शकते.

जाताना मात्र सवयीने खिडकीकडे वळून हळूच म्हणाला, "येतो, बाई."

आतून, गाढ झोपेतून, आवाज आला, "सोनं घेऊन जा. खिडकीत ठेवलंय."